सेट आणि न कापलेली चादर

विजापूर वेस, सोलापूर
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजी,

आठवतंय? सातवी ब, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. बोटांना अजून शेंगाचटणीचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि फळ्यापाशी सिस्टर क्लोटिल्डा. खडूनं त्यांनी एक वाक्य लिहिलं, 'हर हार्ट वॉज सेट ऑन इट', आणि आपण दोघी फार बडबडतो म्हणून आपल्यालाच उभं केलं. मराठीत अर्थ सांगा. होम सायन्सच्या तासाला आदल्याच दिवशी आपण जेली सेट व्हायला ठेवली होती, म्हणून मी सांगितलं, 'तिचं काळीज त्याच्यावर थिजलं.' तू भूगोलात हुशार. तुझ्या डोक्यात सूर्य पश्चिमेला सेट होत होता. तू म्हणालीस, 'तिचं काळीज त्याच्यावर मावळलं.' सिस्टरांचा चष्मा हसून हसून धुरकटला. पोट धरून हसणारी नन आपण तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग घंटा झाली आणि खरा अर्थ त्यांनी कधी सांगितलाच नाही. एवढंच म्हणाल्या, या तीन अक्षरांचे अर्थ गोळा करता करता डिक्शनरीवाले म्हातारे झाले, तुम्हीही व्हाल.

झालो की! आणि आपला खेळ अजून चालूच आहे. डिक्शनरी उघडायची नाही, आपल्या कानांनी ऐकलेलाच 'सेट' पत्रात लिहायचा, नव्या अर्थाला एक गुण. फोनवर नाही. तसंही माझ्या कानातल्या मशिनला फोनची शिट्टी तेवढी ऐकू येते, तुझा आवाज येत नाही.

तर या वेळचा माझा 'सेट' मोईनकडून. काल तो व्हिडिओवर म्हणाला, "अम्मी, एकदा तुम्ही बंगळूरला सेट झालात की मी सुटलो." त्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली तयार आहे. पडदेही लागलेत, राखाडी. इथलं घर भाड्यानं द्यायचं म्हणतो. जानेवारीपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. मुलगा चांगला आहे गं, सून शगुफ्ताही चांगली आहे. पण मी दह्यासारखी आहे का, विरजून कुठंही ठेवली की सेट होणारी? मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

दुसरा 'सेट' शाकीरचा. तुझ्या आप्पांच्या कारखान्यात उस्मानचाचा होते ना जॉबर, माग बघणारे मुकादम, त्यांचा मुलगा. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. त्याला हॅम्बुर्गची एक बाई मेल पाठवते आणि इंग्रजीसाठी तो माझ्याकडे येतो. परवाची मेल ऐक : दोनशे सेट 'सेट असाइड' करा, रंग 'सेट' झालाय का कळवा, आणि तारीख 'सेट' करा. शाकीर डोकं धरून बसला. "मॅडम, ह्या बाईला दुसरा शब्द येत न्हाय का?" मी इतकी हसले की चहा सांडला. चारही गुण माझे.

प्लास्टरमधला पाय कसा आहे? बाथरूममध्ये काय नाचायला गेली होतीस?

तुझीच,
झीनत


धायरी, पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय झीनत,

चार गुण कसले? मेल त्याची, माग त्याचे, तू नुसती वाचणारी. एकच गुण मिळेल. आणि माझा घे : डॉक्टर काल एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले, "काकू, हाड मस्त सेट होतंय." म्हणजे माझ्या पायात आत्ता या क्षणी सिस्टर क्लोटिल्डांचा शब्द वाढतोय. याच्यापुढे तुझी हॅम्बुर्गवाली फिकी.

मी पलंगावर, पाय उशीवर. आमचे हे, म्हणजे सोमशेखर, चहा करतात आणि तो तसाच लागतो. केराबाई कामाला येते ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याकडची, तिचं बोलणं ऐकलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं. फरशी पुसता पुसता मला विचारते, "बाई, पाय मोडला त्यो मोडला, पर तोंड कसं न्हाय दुखत बोलून?"

बंगळूरचं म्हणशील तर हवा छान आहे म्हणतात. पण तुझं काय ते तूच ठरव. मी सांगितलं आणि तू तिथं जाऊन रडलीस तर मला पाप.

बाकी त्या शाकीरवर माझा विश्वास नाही. माझा बाप सिद्धलिंगप्पा कारखानदार होता, ही जात मला माहीत आहे. गोड बोलतात आणि फुकटात काम करून घेतात. किती मेल लिहून दिल्यास त्याला? आणि मिळालं काय? एक रुमाल तरी? भोळी ती भोळीच राहिलीस. शाळेत चित्रकलेचे माझे कागदसुद्धा तूच रंगवायचीस. फी माग. स्पष्ट माग.

तुझी,
राजी


सोलापूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

फी! तुझं पत्र वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले. शाकीर तेवढ्यात आला. "काय झालं, मॅडम?" म्हणाला. मी पत्र पोळ्यांच्या डब्याखाली लपवलं, कॉलेजातल्या मुलीसारखं. लाज वाटत नाही का गं मला या वयात?

या वेळचा 'सेट' त्याच्याच तोंडातला, अगदी अक्षरशः. त्याला दातांचा नवा सेट बसवलाय. शेंगाची कडक पोळी खायची वेळ आली की तो सेट रुमालात बांधून खिशात ठेवतो, आणि खाऊन झालं की भिंतीकडे तोंड करून परत बसवतो. परवा म्हणाला, "मॅडम, माझी बायको असती तर म्हणली असती, दात खिशात आन् पोळी तोंडात, ह्ये कंच्या शाळंत शिकलास?" आणि उरलेली पोळी परत ताटलीत ठेवली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मोईनच्या अब्बांना जाऊनही. आम्ही दोघं तसेच बसलो होतो, खाली रिक्षा ओरडत होत्या, आणि मला मुळीच एकटं वाटत नव्हतं.

आता नीट वाच. आप्पांचा कारखाना बंद झाला तेव्हा शाकीरनं त्यातला चादरींचा एक जुना माग विकत घेतला होता. टॉवेलांच्या मागांमध्ये तो एकटा म्हातारा उभा आहे, लोक मांजर पाळतात तसा याने पाळलाय. त्याच्यावर त्यानं आप्पांचं जुनं कमळाचं डिझाइन परत चढवलं. निळी कमळं. त्यातल्या दोन चादरी त्यानं काल मला आणून दिल्या, आप्पांच्या रीतीनं. दिल्या आणि जिना उतरून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मी त्या तुझ्याकडे पाठवते आहे. माझं आता मोठं म्हणावं असं दुसरं कोण आहे? पार्सल उघड, बघ, आणि तुला जे वाटेल ते त्या चादरींचं कर. तू करशील तेच माझं उत्तर. मोईनलाही त्यावरूनच कळवेन. याहून जास्त लिहायला मला जमत नाही. हसू नकोस.

तुझी,
झीनत


धायरी, पुणे
१३ डिसेंबर २०२४

प्रिय झीनत,

बघ! मी काय म्हणाले होते? एवढ्या मेलची फी म्हणून त्यानं दिलं काय, तर सेकंडचा माल! पार्सल उघडलं आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही चादरी एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये नुसता न विणलेला ताणा, मोकळे उभे धागे लोंबतायत, कापायचीसुद्धा सवड नाही साहेबांना! मला वाईट याचं वाटलं, की तुला वाटलं आपल्याला काहीतरी मौल्यवान मिळालंय.

पण तू काळजी करू नकोस, मी आहे. सोमशेखरांना मोठी कात्री आणायला लावली, पलंगावर बसल्या बसल्या मधोमध छान कापली. मग दोन्हींच्या कडा दुमडून हातशिलाई घातली. पलंगावर पडून पडून बोटं गंजली होती, दोन दिवस मजेत गेले. एक मी ठेवली. एक केराबाईला देऊन टाकली. तिनं ती नाकाला लावली आणि म्हणाली, "सोलापूरचा वास हाय की हिला."

शाकीरला सांग, सिद्धलिंगप्पांच्या पोरीला सेकंड ओळखता येतं.

आणि माझं मत विचारतेस तर सांगते, बंगळूरला जा. पडदे राखाडी असले म्हणून काय झालं, बदल. तिथं नात आहे. नातीबरोबर बॅडमिंटन खेळ, एक सेट तू, एक सेट ती. घे, हा माझा गुण!

तुझी,
राजी


सोलापूर
२२ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

पत्र पोचलं. तू स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस. तुझ्यासारखं दुसरं कुणी मला सांगितलं नसतं.

मोईनला आज मेसेज करून होकार कळवला. तो खूश आहे. घर बघायला लोक येऊ लागलेत. एका बाईनं स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, "ही मोरी बुजवता येईल का?"

शाकीरभाईंना मी सांगितलं की तुमच्या मेल लिहायला आता दुसरं कुणी बघा. ते बरं म्हणाले.

पायाला जप.

झीनत


अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
२ जानेवारी २०२५

राजेश्वरीताई यांना शाकीर उस्मान यांचा सलाम आणि नमस्कार.

ताई, तुमी मला लहानपणी पाहिलंय. दिवाळीला तुमच्या घरी आमी अब्बासंगं यायचो, तुमी शंकरपाळी द्यायच्या. एकदा जळकी दिली होती, पर मी खाल्ली. मराठी लिहायची सवय न्हाय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पत्ता मॅडमच्या टेबलावरच्या तुमच्या पाकिटावरनं घेतलाय. चोरी म्हना पायजे तर. चादरीचं मॅडमनी मला फक्त एवढंच सांगितलं, "राजीनं कापली." आन् दार लावून घेतलं. मी जिन्यात उभा ऱ्हायलो. मला वाटलं, ठीक हाय, मोठ्या मानसाचा नकार हाय, मान वाकवायची. घरी आलो. पर चार दिसांनी डोक्यात आलं, की आप्पांची लेक असं तोंडावर कात्री मारनारी न्हाय. आप्पा तर कामगाराला काढायचं असलं तरी आदी च्या पाजायचे.

म्हनून विचारतो. तुमाला ती रीत ठाव हाय न्हवं?

ठाव नसंल तर सांगतो. नवं डिझाइन मागावर चढलं की पहिल्या दोन चादरी आप्पा कापू द्यायचे न्हाईत. मधला ताणा तसाच ठेवून जोडी काढायची. कारखान्यातल्या ज्याच्या कुनाच्या घरी सोयरीक जमत असंल तितं ती जायची. पोराकडचा पोरीला देतो, पोरगी आपल्या मोठ्या मानसाकडं देती. मोठ्या मानसानं तशीच घडी करून ठेवली, तर होकार. लग्नादिवशी त्यांच्याच हातानं कापायची. आन् आदीच कापून टाकली, तर नकार. तोंडानं न्हाय म्हनायला नको, भांडन नको, कुनाची मान खाली नको. माझ्या अब्बांनी अशीच जोडी दिलती, माज्या अम्मीच्या मामूनं ठेवलती. मॅडमच्या पहिल्या लग्नातली जोडी तर आप्पांनी सोता उचलून दिलती.

मी तोंडानं कायच विचारलेलं न्हाय. माझे दात नवे हायत, लाज वाटली की ते हालत्यात. म्हनून चादर दिली. मॅडमना आई-बाप न्हाईत, भाऊ न्हाय. त्यांनी तुमाला मोठं मानलं.

तुमी जानूनबुजून कापली असंल तर ह्ये पत्र फाडून टाका, माझा काय राग न्हाय. मॅडमचं सामान बांधून द्यायलाबी मीच जाईन. पर चुकून कापली असंल, तर ताई, ट्रक पंदरा तारखेला हाय.

खाली नंबर देतो.

आपला,
शाकीर


धायरी, पुणे
८ जानेवारी २०२५ (स्पीड पोस्टनं)

झीनत, झीनत, झीनत,

अय्यो! मी गाढव आहे. खाली बस आणि वाच. ट्रक थांबव आणि मग वाच. त्या मोरी बुजवणाऱ्या बाईला आधी हाकल आणि मग वाच.

मला रीत माहीतच नव्हती! शप्पथ! अगं, मी मालकाच्या घरात जन्मले, म्हणून तर चांगला माल कधी पाहिला नाही. आमच्या घरी आयुष्यभर सेकंडच. एका टोकाला अख्खं कमळ, दुसऱ्या टोकाला अर्धं. धागा सुटलेले टॉवेल, वाकड्या किनारी. माझी अव्वा म्हणायची, चांगलं ते गिऱ्हाइकाचं, वाकडं ते आपलं. तुझ्या लग्नात मी गुवाहाटीला, यांची बदली. माझ्या लग्नात कारखान्यात संप, माग बंद. न कापलेली जोडी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि माझ्या बापाचा सगळ्यात मोठा आशीर्वाद मला वाटला रिजेक्ट माल. आणि मी कात्री मागवली! वर शिलाई घालून! टीप मोजून, सुंदर!

शाकीरचं पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचत होते. 'आदीच कापून टाकली, तर नकार' इथं आले आणि कपाळावर हात मारून किंचाळलेच. सोमशेखर धावत आले, त्यांना वाटलं दुसराही पाय गेला. मी ओरडले, "केराबाई! ती चादर कुठंय?"

"कंची?"

"निळ्या कमळांची. मी दिलेली."

"ती व्हय! ती गेली की नातेपुत्याला. आमचा रामहरी आला हुता, त्याच्यासंगं आईला धाडली. लई ऊब हाय म्हनती."

"ती परत आणायला हवी."

केराबाईनं फडकं बादलीत आपटलं. "दिल्यालं माघारी मागता? आवो, शिकल्याल्या बाया तुमी! पाप लागतं."

"तिच्यामुळं एक लग्न मोडतंय गं."

"कुनाचं?"

"झीनतचं. माझ्या मैत्रिणीचं."

"तिच्या लेकीचं आसंल."

"नाही, तिचंच. माझ्याच वयाची आहे."

केराबाई ओल्या फरशीवर फतकल मारून बसली. आणि मग जी हसायला लागली! "आगं माझे बया! मग आदी सांगायचं की! मी म्हनलं कुन्या तरन्या पोरीचं, मोडलं तर दुसरं जमंल. हिला कुटं टाइम हाय!"

तिनंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे तिची आई सोनाबाई, ऐंशीच्या पुढची, आवाज खणखणीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चादर दीन. पर दुसऱ्याच्या हातात न्हाय देनार. नवरीच्याच हातात दीन. मला बगायचीय ती कशी दिसती."

तर आता असं ठरलंय. सोळाला माझं प्लास्टर निघतंय. तेवीसला आम्ही गाडीनं निघतो, मी, सोमशेखर आणि केराबाई. वाटेत नातेपुत्याला सोनाबाईला उचलायचं. ती चादर अंगावरच घेऊन बसणार आहे, विश्वास नाही तिचा आमच्यावर. माझ्याकडच्या चादरीची शिलाई मी उसवायला घेतलीय. शाकीर म्हणतो, मागावरचा माणूस ताण्याचे धागे एकेक करून परत गाठवील. हो, मी त्याला फोन केला. "ताई" म्हणाला आणि पुढं नुसते दात वाजल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, मी मुलीकडची मोठी, म्हणजे तुम्ही माझे जावई. माझ्या बरोबरीचे असलात तरी पाया पडावं लागेल. तर म्हणतो, "पडतो की. पर उठवायला दोन मानसं ठेवा."

झीनत, आता स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा चादरींवर काही ढकलायला नको. माझा होकार. होकार, होकार. पण त्याआधी तू मला सांग, रीत सोड, आप्पा सोड, मी सोड. तुला हवाय का तो? एकदा तुझ्या शब्दांत लिही. त्या पत्रात तू 'शाकीरभाई' लिहिलंस आणि एकही 'सेट' नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुझी मूर्ख,
राजी


सोलापूर
१५ जानेवारी २०२५

प्रिय राजी,

ट्रक आज सकाळी आला होता, नको म्हणून कळवायचंच राहिलं. ड्रायव्हरला चहा दिला आणि रिकामा परत पाठवला. तो बिचारा विचारत होता, "मावशी, सामान कुटंय?" मी म्हटलं, "सामान इथंच राहणार आहे, बाबा." तो म्हणाला, "मग मला कशाला बोलावलं?" मी म्हटलं, "हसायला." बिस्किटाचा पुडा घेऊन गेला.

तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं. तिसऱ्या ओळीला रडायला लागले आणि 'टीप मोजून, सुंदर' इथं हसायला. वरच्या मजल्यावरची गुलबानो धावत आली, पाणी पाजलं, पाठ चोळली. विचारते, "खाला, गम की खुशी?" मी म्हटलं, थांब, मलाही नीट बघू दे.

मोईनला सांगणं हे सगळ्यात अवघड. फोनवर नाहीच जमलं, मग मशिन कानातून काढून व्हिडिओवर बसले, म्हणजे तो काय म्हणतो ते ऐकू येणार नाही. मी सगळं बोलून टाकलं. स्क्रीनवर त्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग तो उठून गेला. खुर्ची रिकामी. ती रिकामी खुर्ची मी किती वेळ बघत बसले ते विचारू नकोस. मग शगुफ्ता येऊन बसली आणि एक कागद स्क्रीनसमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत : 'रो रहे हैं. अभी आएँगे. अम्मी, शरारा पहनोगी या साडी?' मागून मोईन आला, डोळे लाल. त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'पडदे मी आवडीनं लावले होते, अम्मी.' आणि त्याखाली, 'चोवीसला आम्ही येतो.'

शुक्रवार, चोवीस. जुम्म्याच्या नमाजनंतर. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे तोवर उभे असतील. सोनाबाईंना बसवायचं का ते त्यांनाच विचार, मी ठरवत नाही.

आता तू मागितलंस ते. माझ्या शब्दांत.

काल शाकीर जिना चढून आला, किती तरी दिवसांनी. हातात हॅम्बुर्गची मेल. मी ती वाचून दाखवली, उत्तर लिहिलं, चहा केला. आणि तो कप बशीत ठेवताना एवढा आवाज करतो, की मशिन नसतानाही मला ऐकू येतो. तेवढ्यात मला सातवी ब आठवली. राजी, काळीज थिजत नाही गं. मावळतही नाही. ते एखाद्या गोष्टीवर जाऊन बसतं, आणि मग तू कितीही हाकल, बंगळूरला ने, ट्रक बोलाव, ते उठत नाही. सिस्टरांनी अर्थ सांगितला नाही ते बरंच झालं. सांगितला असता तर आपण पाठ केला असता आणि विसरलो असतो. हा गुण माझा. हा शेवटचा नव्हे, पण सगळ्यात मोठा.

मला हवाय तो. दातांसकट.

आता एक सांगते ते ऐक. शिलाई उसवू नकोस. जेवढी उसवलीस तेवढी परत घाल. मी शाकीरला विचारलं, धागे गाठवायचे का, की नवी जोडी काढायची मागावर? त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "मॅडम, न कापलेली जोडी पोरापोरींना. आपुन दोगंबी एकेकदा कापलेली मानसं. ताईंनी कडा शिवून दिल्यात, आनखी काय पायजे?"

तेव्हा येताना असं करायचं. चुकू नकोस, आणि कात्री घरीच ठेव.

बंगळूरची खोली नातीला द्यायची, हे मी शगुफ्ताला कळवलंय. पडदे मात्र काढायचे नाहीत, ते तिच्या बापानं आवडीनं लावलेत. माझा लग्नातला सोन्याचा सेट शगुफ्ताला. नथ तेवढी मी ठेवतेय, शाकीर म्हणतो शोभते.

केराबाईला हॅम्बुर्गला जाणाऱ्या टॉवेलांचा अख्खा सेट, सहाचा, पहिल्या प्रतीचा. तिला सांग, यात एकही वाकडी किनार नाही, आणि हे कुणी माघारी मागणार नाही.

सोमशेखरभावजींना शेंगाचटणीचा डबा आणि चांगला चहा कसा करायचा याचे धडे. शिकवणार गुलबानो. बंदोबस्त झालाय.

तुला आप्पांचं कमळाचं डिझाइन. शाकीरनं त्याचे सगळे पुठ्ठे बांधून ठेवलेत, भोकं पाडलेले, मागावर कमळ त्यावरून उठतं. मालकाची मुलगी असून तुझ्या घरी एक अख्खं कमळ कधी आलं नाही, ते आता सगळंच घेऊन जा. गाडीच्या डिकीत मावतं, मी मोजून घेतलंय.

सोनाबाईंची चादर सोनाबाईंनाच. त्यांनी ती माझ्या हातात द्यायची, मला पोटभर बघायचं, आणि मी ती लगेच त्यांच्या खांद्यावर घालायची. दिलेलं माघारी घेत नाहीत, केराबाईचं बरोबर आहे. शिवाय नातेपुत्याला थंडी जास्त.

आणि तुझ्याकडची दुसरी आम्हाला. एवढीच द्या. दोघांत एक पुरते.

तुझीच,
झीनत